एम.ए.चा लघुप्रबंध: भाषाविज्ञानात तो कसा पुरा होतो

भाषाविज्ञानात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षात बहुधा एक स्वतंत्र संशोधन करून दाखवावे लागते. विद्यापीठाच्या कागदपत्रांत त्याला लघुप्रबंध किंवा संशोधन प्रकल्प म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र ‘डेझर्टेशन’ हाच शब्द असतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत अशा प्रकल्पाला स्वतःचे श्रेयांक मिळाले आणि ‘जमले तर करावे’ असे त्याचे स्वरूप उरले नाही. पीएच.डी.ला नियमाने किमान तीन आणि एरवी सहा वर्षांपर्यंतची मुदत असते. लघुप्रबंधाला मिळतात एक-दोन सत्रे, आणि त्याच काळात इतर पेपरही द्यायचे असतात. प्रकल्प रखडतो तो बहुतेक वेळा विद्यार्थी कमी पडल्यामुळे नव्हे, तर प्रश्न वेळेपेक्षा मोठा निवडल्यामुळे.

‘अहिराणी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ किंवा ‘मालवणी: स्वरूप आणि विशेष’ अशी शीर्षके भारदस्त वाटतात. पण एका बोलीचे संपूर्ण वर्णन म्हणजे तिची स्वनव्यवस्था, नामांची व क्रियापदांची रूपे, वाक्यरचना आणि शब्दसंग्रह. डॉ. अ. म. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी मालिका हाती घेतली, तिच्यात कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासारगोडची मराठी अशा एकेका बोलीला स्वतंत्र पुस्तक द्यावे लागले, आणि ते काम करणारा माणूस त्या विषयातला मुरलेला विद्वान होता. एम.ए.च्या विद्यार्थ्याने त्यातला एक कोपरा उचलावा आणि तो पूर्णपणे उजळावा, हेच शहाणपणाचे.

कोपरा किती लहान असू शकतो, याची दोन प्रसिद्ध उदाहरणे या शास्त्राच्या इतिहासातच आहेत. नोम चॉम्स्की यांनी १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एम.ए.साठी सादर केलेला प्रबंध आधुनिक हिब्रूतील शब्दरूपे आणि त्यांत होणारे ध्वनिबदल एवढ्याच विषयावर होता. त्यांचे वडील हिब्रूचे अभ्यासक होते. घरातल्या ओळखीची भाषा त्यांनी अभ्यासाला घेतली. दुसरे उदाहरण विल्यम लबॉव यांचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथले लोक दोन संयुक्त स्वर जरा वेगळे उच्चारतात, एवढे लबॉव यांच्या कानांनी टिपले आणि कोलंबिया विद्यापीठातल्या एम.ए.च्या प्रबंधासाठी १९६२ मध्ये त्यांनी तेवढाच विषय घेतला. ६९ जणांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांतला एकेक उच्चार मोजला.

उत्तर अनपेक्षित निघाले. वेगळा उच्चार सगळ्यात ठळक होता तो म्हाताऱ्यांत नव्हे, तर ३१ ते ४५ या वयोगटात, आणि त्यातही चिलमार्क भागातल्या कोळ्यांत. साधारण सहा हजार वस्तीच्या बेटावर उन्हाळ्यात चाळीस हजारांहून अधिक पाहुणे उतरत होते, घरे विकत घेत होते. ज्यांना बेट सोडायचे नव्हते, ‘आम्ही इथले’ हे ज्यांना ठासून सांगायचे होते, त्यांच्या बोलण्यात तो जुना उच्चार नव्याने बळावला होता. भाषा बदलण्यामागे समाजातली ओढाताण कशी काम करते हे एका बेटावरच्या दोन स्वरांतून दिसले, आणि समाजभाषाविज्ञान या शाखेच्या पायाभूत कामांत आज या प्रबंधाची गणना होते.

मराठीच्या अवतीभवती असे कोपरे विपुल आहेत. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा तो डोया, काळा तो काया, केळी ती केयी. आगरीत घोड्याचा ‘घोरा’ होतो. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी आले’ म्हणते. अनेक बोलींत ती ‘मी आली’ म्हणते. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना लिंग कुठून मिळते, हाही चांगला विषय आहे. बस येते, ट्रक येतो, तिकीट निघते, यावर सगळ्यांचे एकमत आहे. पण पेन काही घरांत ‘तो’ असतो, काही घरांत ‘ते’. ईमेलबद्दल तर एकाच कचेरीत मतभेद आढळतात. कोण कोणते लिंग वापरतो आणि का, एवढ्यावर लघुप्रबंध उभा राहू शकतो.

गावोगाव फिरणे प्रत्येक विषयाला लागतेच असे नाही. वाक्यविन्यासावर काम करणारा विद्यार्थी कित्येकदा एका रचनेवरच महिनोन्‌महिने बसतो. ‘त्याने पोळी खाल्ली’ या वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागला आहे आणि क्रियापद पोळीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना मात्र ‘मी’ला काहीच लागत नाही, तरी क्रियापद पोळीप्रमाणेच राहते. आता ‘तू’ घेऊन पाहावे: तू आंबा खाल्लास, तू पोळी खाल्लीस, तू फळ खाल्लेस. मधला स्वर खाल्लेल्या वस्तूचे लिंग सांगतो आणि शेवटचा ‘स’ खाणाऱ्या ‘तू’कडे बोट दाखवतो. एकच क्रियापद दोघांशी जुळवून घेते. रोज हजारो वेळा बोलल्या जाणाऱ्या या रूपात सिद्धांताला आव्हान देणारा मजकूर दडलेला आहे, आणि तो शोधायला बसचे तिकीटही काढावे लागत नाही. अशा अभ्यासात जी रचना भाषकांना चालत नाही तिच्या आधी फुली किंवा तारा देण्याची रीत आहे. ‘मीने पोळी खाल्ली’ हे प्रमाण मराठीत ताराधारी वाक्य ठरेल. पण काही बोलींत ‘मीनं’ किंवा ‘म्या’ सर्रास येते, म्हणून तारा कोणाच्या मराठीसाठी दिला आहे हे लिहिणे भाग असते. लेखकाच्या स्वतःच्या कानावर सगळी भिस्त ठेवण्याऐवजी दहा-पंधरा जणांकडून तीच वाक्ये तपासून घेतलेली बरी.

विषय ठरला की आधी कोणी काय लिहिले आहे ते वाचायचे. हा टप्पा अनेकांना नुसता उपचार वाटतो. प्रत्यक्षात प्रश्नाला धार इथेच येते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा असून तो १९०५ मध्ये निघाला. त्यात ठिकठिकाणच्या बोलींत बायबलमधली उधळ्या पुत्राची एकच गोष्ट सांगितलेली सापडते, त्यामुळे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे रूप आजच्या रूपाशेजारी ठेवून पाहता येते. मात्र ती गोष्ट भाषांतरित असल्याने घरच्या बोलण्याचा ओघ तिच्यात नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातल्या विविधतेवर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला. जात, शिक्षण आणि बोली यांचा संबंध एका गावात कसा तपासावा, याचा तो वस्तुपाठ आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावावर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा लेख तर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्यामुळे त्यांच्या वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की एका भाषेतले वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते, असे त्यांनी दाखवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे नवे सर्वेक्षण केले, त्यातली सामग्रीही आता अभ्यासकांना खुली आहे.

वाचन झाल्यावर विद्यार्थी सिनॉप्सिस लिहितो. प्रश्न काय, तो का विचारायचा, सामग्री कोणाकडून आणि कशी गोळा करायची, तिचे विश्लेषण कोणत्या पद्धतीने करायचे, एवढे त्या चार-सहा पानांत आले की पुरे. समजा, अकोला जिल्ह्यातल्या एका गावात ‘ळ’ आणि ‘य’ यांचे आज काय चालले आहे, हा प्रश्न घेतला. मग तीन वयोगट, प्रत्येकात पुरुष आणि स्त्रिया सारख्या, असे बारा ते अठरा निवेदक ठरवता येतात. निवेदक हा या शास्त्रातला शब्द: ज्याच्या बोलण्याचा अभ्यास करायचा तो माणूस. जोडीला एक पोटप्रश्न ठेवता येतो. ‘डोळा’, ‘केळी’ हे घरातले शब्द आहेत आणि ‘शाळा’, ‘फळा’ हे शाळेशी बांधलेले. दोन्हीकडे ‘य’ सारखाच येतो का?

क्षेत्रकार्य, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत फील्डवर्क, हा या कामाचा सगळ्यात जिवंत आणि सगळ्यात बेभरवशाचा भाग. गावात कापसाची वेचणी चालू असेल तर दिवसा कोणी भेटत नाही, लग्नसराईत कोणाला वेळ नसतो. दोन खेपांत होईल असे वाटलेले काम सणासुदीमुळे पुढे ढकलले जाते, म्हणून वेळापत्रक पिकाचा आणि पंचांगाचा विचार करूनच आखावे.

अडचण वेळेची असते तशी बोलण्याचीही असते. यंत्र समोर ठेवले की माणूस सावरून बसतो. ‘आमचं बोलणं गावंढळ, तुम्हाला शुद्धच सांगतो’ म्हणत आजोबा शाळेतली मराठी बोलू लागतात आणि डोयाचा डोळा होतो. ज्या बोलण्यावर कोणाचे लक्ष नाही असे बोलणे संशोधकाला हवे असते, आणि ते मिळवायचा मार्ग मात्र लक्ष देणे हाच असतो. लबॉव यांनी या पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले आहे. त्यांचा उपायही प्रसिद्ध आहे. जिवावर बेतलेला प्रसंग विचारावा. माणूस आठवणीत ओढला जातो आणि भाषेचे भान सुटते. वऱ्हाडातल्या गावात नदीला आलेला पूर, विहिरीत पडलेले जनावर, लेकीच्या लग्नातली धावपळ अशा गोष्टी तेच काम करतात. मोकळ्या गप्पा आधी व्हाव्यात, चित्रे दाखवून शब्द विचारणे नंतर, आणि छापील यादी वाचून घेणे सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला तर पहिल्या दहा मिनिटांतच निवेदकाला कळते की यांना ‘ळ’ ऐकायचा आहे, आणि पुढचे सारे बोलणे सजून येते.

आणखी एक पथ्य आहे आणि ते तंत्राहून मोठे आहे. आजीच्या बोलण्याला संशोधकाने चुकूनही दुरुस्त करू नये, हसू तर नयेच. ‘काया’ ही ‘काळा’ची बिघडलेली आवृत्ती नाही. तो त्या बोलीचा नियमित उच्चार आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. शाळेत, कचेरीत, शहरात ज्या बोलण्यामुळे लोकांनी मान खाली घातली, तेच बोलणे ऐकायला कोणीतरी मुद्दाम येते, हे निवेदकाला आधी खरेच वाटत नाही. अभ्यास कशासाठी, आवाज कोण ऐकणार, नाव छापले जाणार की नाही, हे सारे त्याच्या भाषेत समजावून सांगून संमती घ्यायची असते. लिहिता न येणाऱ्याची संमती तोंडी ध्वनिमुद्रित केली तरी चालते. प्रबंधात खऱ्या नावांऐवजी खुणेची अक्षरे वापरतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली घ्या. तिचे नाते कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही आणि ती बोलणारे काही हजारच आहेत. अशा लहान समाजात आवाजावरूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

यंत्राबद्दल थोडेच सांगायचे आहे. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात करावे, कारण एमपी-थ्री फाइल लहान करण्यासाठी आवाजातला काही भाग गाळते. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. पंखा, दूरदर्शन आणि कुकरची शिट्टी यांचा बंदोबस्त आधी करावा. त्याच रात्री फाइलची दुसरी प्रत काढून तिच्यावर तारीख आणि निवेदकाची खूण घालावी.

घरी परतल्यावर जे काम सुरू होते त्याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ऐकलेले बोलणे कागदावर उतरवायचे, म्हणजे लिप्यंकन करायचे. एका मिनिटाच्या मोकळ्या गप्पांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. देवनागरी इथे पुरी पडत नाही: ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च लिहिताना एकच, पण जीभ दोन वेगळ्या जागी टेकते. म्हणून आंतरराष्ट्रीय स्वनलिपी वापरतात, जिची पहिली आवृत्ती १८८८ मध्ये निघाली. नेदरलँड्समध्ये तयार झालेले ‘इलान’ हे मोफत सॉफ्टवेअर आवाज आणि मजकूर एकमेकांशी जोडून ठेवते, त्यामुळे कोणतेही वाक्य क्षणात पुन्हा ऐकता येते. व्याकरणावरच्या कामात प्रत्येक वाक्य तीन ओळींत मांडतात. वर मूळ वाक्य, ‘म्या भाकर खाल्ली’. मधल्या ओळीत त्याची फोड: ‘म्या’ म्हणजे मी, कर्त्याच्या विशेष रूपात, ‘भाकर’ स्त्रीलिंगी एकवचन, ‘खाल्ली’ म्हणजे खा हा धातू, भूतकाळ, स्त्रीलिंगी एकवचन. तिसऱ्या ओळीत सरळ अर्थ. ही शिस्त पाळली की मराठी न येणाऱ्या अभ्यासकालाही वाक्याची बांधणी दिसते.

ळ आणि य यांच्या प्रश्नात कानाची साक्ष कधी कधी अपुरी पडते. काही उच्चार धड ळ नसतात, धड य नसतात. मग ॲम्स्टरडॅम विद्यापीठात पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्रात’ हे सॉफ्टवेअर उघडायचे. त्यात आवाजाचा वर्णपट दिसतो, त्यावर काळ्या आडव्या पट्ट्या असतात. जीभ आणि तोंड जो आकार घेतात त्यानुसार काही कंपनसंख्या बळकट होतात, त्यांच्या या पट्ट्या. जीभ मागे वळवून काढलेल्या ‘ळ’च्या आधी तिसरी पट्टी खाली झुकू लागते. ‘य’ काढताना जीभ टाळूकडे उचलली जाते आणि दुसरी पट्टी वर चढून तिसरीच्या जवळ जाते. ‘डोळा’ आणि ‘डोया’ यांचे दोन वर्णपट शेजारी ठेवले की पट्ट्यांची ही उलट चाल उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि मधल्या उच्चारांची जागाही मोजून सांगता येते.

मोजणीचा एक कडक नियम आहे. जिथे जिथे ‘य’ आला त्या जागा मोजून भागत नाही. जिथे तो येऊ शकला असता पण आला नाही, त्या जागाही मोजाव्या लागतात. एका आजीच्या तासभराच्या बोलण्यात ‘ळ’ची जागा असलेले शब्द किती आले आणि त्यांतल्या कितींत ‘य’ आला, हे प्रमाण काढले तरच ते नातवाच्या प्रमाणाशी ताडून पाहता येते. हे सोडून नुसती निवडक उदाहरणे देणारा लघुप्रबंध परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला तर घाबरण्याचे कारण नसते. वयाप्रमाणे काहीच फरक पडत नाही असे दिसले, तर तेही उत्तर आहे. ते झाकून आकडे वाकवणे मात्र संशोधनाचा विश्वासघात आहे.

लेखनाला प्रस्तावनेपासून सुरुवात करणारे विद्यार्थी हमखास अडकतात. आधी सामग्रीचे आणि विश्लेषणाचे प्रकरण लिहावे, मग पद्धतीचे, मग पूर्वीच्या कामाचा आढावा. आपण काय सिद्ध केले हे कळल्यावर प्रस्तावना दोन दिवसांत होते. गाइडना पूर्ण प्रबंध एकदम नेऊन देण्यापेक्षा एकेक प्रकरण देत गेलेले बरे, कारण चुकीची वाट पहिल्याच प्रकरणात सापडली तर पुढचे श्रम वाचतात. मराठीतून लिहिणाऱ्यापुढे परिभाषेचा प्रश्न येतो. स्वनिम, रूपिम, पदबंध हे शब्द रुळलेले आहेत. नव्या संकल्पनांना मात्र कधी दोन पर्याय असतात, कधी एकही नसतो. एक शब्द निवडून, त्याची व्याख्या देऊन, तोच शेवटपर्यंत वापरला की वाचक अडखळत नाही.

वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम एम.ए.च्या प्रबंधांनाही लागू आहेत. इतरांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही. ते दहा ते चाळीस टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्षाची बंदी येते आणि साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. उतारा अवतरणचिन्हांत, कोणाचा ते सांगून दिला की तो चौर्य ठरत नाही. वाचताना टिपणात ज्यांनी स्वतःचे वाक्य आणि पुस्तकातले वाक्य वेगळे ठेवले नाही, त्यांना शेवटच्या आठवड्यात ते वेगळे करता येत नाही.

सबमिशननंतर तोंडी परीक्षा होते, तिला सगळे व्हायवाच म्हणतात. परीक्षक पाठांतर तपासत नाहीत. हेच गाव का, बाराच निवेदक का, शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या माणसांत फरक पाहिला का, याच्या उलट पुरावा मिळाला असता तर काय म्हटले असते, असे त्यांचे प्रश्न असतात. स्वतः गावात बसून ऐकलेल्या, स्वतः मोजलेल्या विद्यार्थ्याला ही उत्तरे सुचतात, कारण प्रत्येक निर्णय कधीतरी त्याने घेतलेला असतो. प्रबंधाची मर्यादा त्याने आपणहून सांगितली तर गुण कमी होत नाहीत.

गुणपत्रिका आली तरी एक काम उरते, आणि ते फार थोडे जण करतात. ध्वनिमुद्रणे, लिप्यंकने, निवेदकांच्या खुणांचा तक्ता आणि संमतीच्या नोंदी एकत्र लावून, संमतीत जेवढे मान्य झाले असेल तेवढेच, विभागाच्या किंवा एखाद्या संग्रहाच्या हवाली करायचे. लॅपटॉपमध्ये राहिलेल्या फाइली चार-पाच वर्षांत लॅपटॉपबरोबरच जातात. नीट ठेवलेल्या तासभराच्या वऱ्हाडी गप्पांवर उद्याचा अभ्यासक सर्वनामांचे, क्रियापदांचे किंवा म्हणींचे काम करू शकतो. मूळ प्रश्न ‘ळ’चा होता म्हणून त्या तेवढ्यापुरत्या राहत नाहीत. निवेदकांनाही त्यांच्या आवाजाची प्रत द्यावी, आणि निघालेला निष्कर्ष गावात जाऊन साध्या भाषेत सांगावा.